डोंगराचे सत्त्व आणि शेताचे पोषण : 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथातील वनविचाराची चिकित्सा

१

वनक्षेत्र आणि चक्रीय अर्थव्यवस्था ह्यांच्या संबंधाविषयी गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. निसर्गातून घेतलेला पदार्थ एकदा वापरून टाकून न देता तो पुनःपुन्हा वापरात फिरत ठेवावा, आणि अखेरीस जमिनीचे जमिनीस परत द्यावे, हा ह्या विचाराचा गाभा होय. डेव्हिड पिअर्स आणि केरी टर्नर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ह्या संज्ञेची शास्त्रीय मांडणी केली. युरोपीय आयोगाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिच्या आधारे कृतियोजना प्रसिद्ध केल्या. ह्या चर्चेत वनाला मानाचे स्थान मिळते, आणि ते साहजिकही आहे. लाकूड पुन्हा वाढते. तुळईची फळी होते, फळीचा भुसा होतो, भुशाचा तक्ता होतो, आणि शेवटी उरेल ते जळण होते. लोखंड, सिमेंट किंवा प्लॅस्टिक ह्यांच्याविषयी असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या विचाराचा पुरस्कार करणे हा नाही, किंवा त्याचे खंडन करणे हाही नाही. वन, गुरे, शेत आणि गाव ह्यांमधून फिरणाऱ्या पदार्थाचा विचार मराठी गद्यात एका ग्रंथाने फार पूर्वी केला आहे. जोतीराव फुले ह्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) हा तो ग्रंथ होय. त्यातील वनविचार तपासणे, त्याचे सामर्थ्य कोठे आहे व मर्यादा कोठे आहे हे पाहणे, आणि त्या प्रकाशात आजच्या संज्ञेचीही परीक्षा करणे, एवढेच येथे योजिले आहे.

एक इशारा आरंभीच दिला पाहिजे. जुन्या ग्रंथात नवी संज्ञा शोधून ग्रंथकाराला तिचा आद्य प्रवर्तक ठरविण्याची खोड आपल्या अभ्यासात फार आहे. जोतीरावांना चक्रीय अर्थव्यवस्थेचे जनक म्हणण्याने त्यांचा गौरव होत नाही, आणि त्या संज्ञेचे आकलनही वाढत नाही. त्यांनी असा कोणताही सिद्धांत मांडलेला नाही. त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे शोधली. ती शोधताना डोंगरावरच्या झाडापासून शेतातल्या कणसापर्यंतची साखळी त्यांना दिसली, आणि ती कोणी व कोठे तोडली हे त्यांनी सांगितले. ह्या सांगण्याचेच मोल करावयाचे आहे.

२

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेणे अवश्य आहे. हिंदुस्थानात वनखाते १८६४ मध्ये स्थापन झाले, आणि डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख झाले. रेल्वेच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांची प्रचंड गरज हे ह्या खात्याच्या जन्माचे एक मोठे कारण होते. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटल्यावरून १८७८ चा वन कायदा झाला. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग त्याने केले. व्यवहारात पहिल्या दोन वर्गांचा विस्तार झाला. ग्रामवनाची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. ह्या कायद्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपले म्हणणे सरकारपुढे मांडले होते. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ ह्या काळात भीषण दुष्काळ पडला, आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी 'असूड' लिहून पूर्ण झाला.

ग्रंथात वनाचा विषय दोन ठिकाणी ठळकपणे येतो, आणि ह्या दोन ठिकाणांतील स्वरभेद लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वार्धात जोतीराव अल्पभूधारक शेतकऱ्याच्या पूर्वीच्या निर्वाहाचे वर्णन करतात. ज्याचे शेत त्याला पुरत नसे तो जवळच्या डोंगरांतून उंबर-जांभळांसारखी फळे आणी, पळस-मोहासारख्या झाडांची फुले व पाने आणि लाकूडफाटा विकी, गावच्या गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय व दोनचार शेरड्या पाळी. वनखात्याने डोंगर, दऱ्याखोरी, पडीत जमिनी आणि गायराने आपल्या कक्षेत घेतली, तेव्हा ही पूरक उपजीविका नष्ट झाली. येथे त्यांच्या गद्याला उपरोधाची धार आहे. वाक्य लांबत जाते, एकेका वस्तूचे नाव घेत जाते, आणि ते संपते तेव्हा शेतकऱ्याच्या हातून किती वस्तू गेल्या ह्याची यादीच वाचकासमोर उभी राहते. ही केवळ अलंकारिक हातोटी नव्हे. सरकारी कागदांत 'जंगल' ह्या एका शब्दात जे बसविले गेले होते, त्याचे घटक ते सुटे करून दाखवितात. खात्याच्या हिशेबात इमारती लाकूड तेवढे दिसत होते. ह्या वाक्यात पान, फूल, फळ, काटकी, गवत आणि शेण ही सर्व दिसतात.

दुसरे स्थळ पाचव्या प्रकरणात, उपायांच्या विवेचनात आहे. येथे उपरोध मावळतो आणि भाषा एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या सूचनेसारखी होते. डोंगरांवरील पानाफुलांचे आणि मेलेल्या किडेप्राण्यांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर वाहून ओढ्यानाल्यांत वाया जाते; ते शेतात मुरावे म्हणून सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून घ्यावेत, असे ते सुचवितात. नद्या व तलावांतील गाळ शेतकऱ्यास पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, गायराने परत करावीत, इमारती लाकूड विक्रीसाठी तोडण्यास मात्र सक्त कायद्याने बंदी असावी, आणि जुलमी वनखाते रद्द व्हावे, अशा त्यांच्या मागण्या आहेत.

३

ह्या मागण्यांचा वाचकांवर सहसा एकत्रित परिणाम होतो, व म्हणून त्यांतील भेद लक्षात येत नाही. परंतु पदार्थाच्या प्रवाहाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांत तीन भिन्न प्रकारचे व्यवहार आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय चिकित्सा पुढे जाऊ शकत नाही.

पहिला प्रकार गळती रोखण्याचा. ताली व बंधारे जे अडवितात ते पाण्याबरोबर वनातून निघून गेलेलेच असते. ते न अडविल्यास ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाणार. ते शेतात जिरविल्याने वनाचे अधिक काही जात नाही. तलावातील गाळ काढून शेतात टाकणे हेही ह्याच प्रकारात मोडते. त्यात तलावाची साठवणही वाढते. ह्या मागणीत कोणाचेही नुकसान नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तेव्हा जोतीरावांच्या मागणीस एकशे चौतीस वर्षे झाली होती.

दुसरा प्रकार हस्तांतरणाचा. गायरानावर चरलेल्या गुरांचे शेण शेतात पडते, तेव्हा डोंगराचे पोषणद्रव्य खोऱ्यात उतरते. कोकणातील व घाटमाथ्यावरील राब हे ह्याचेच अधिक तीव्र रूप होय. भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकावयाचे तेथे झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण ह्यांचे थर पसरून वर मातीचा पातळ थर देतात व उन्हाळ्यात ते भाजतात. राखेतून पालाश व स्फुरद मिळतात, तणाचे बी जळून जाते, आणि रोप जोमाने येते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगास ह्या गाऱ्हाण्यांची चौकशी करावी लागली. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरा प्रकार निर्गमनाचा. साग तोडून तो रेल्वेसाठी दूरदेशी पाठविला, की डोंगराचा पदार्थ डोंगराच्या परिसरातून कायमचा निघून जातो. जोतीरावांची विक्रीसाठीच्या तोडीवरील बंदी ह्या तिसऱ्या प्रकारावर आहे. वापर आणि विक्री ह्यांत त्यांनी केलेला हा भेद त्यांच्या वनविचारातील सर्वांत महत्त्वाचा विवेक आहे, असे म्हणावेसे वाटते. वनखात्याची होळी व्हावी असे म्हणणारा लेखक वन मोकाट सोडा असे म्हणत नाही. तो तोडीला मर्यादा मागतो, मात्र ती मर्यादा बाजाराच्या बाजूने घालू पाहतो.

४

आता ह्या विचाराच्या दुबळ्या बाजूकडे वळले पाहिजे. वनशास्त्राच्या कसोटीवर जोतीरावांचा युक्तिवाद सर्वत्र टिकतो असे नाही.

वृक्षाच्या खोडाच्या लाकडात पोषणद्रव्यांचे प्रमाण वजनाच्या मानाने कमी असते. पाने, कोवळ्या फांद्या आणि साल ह्यांत ते अधिक असते. म्हणजे एक गाडी सागवान नेण्याने वनाच्या मातीचे जितके जाते, त्याहून एक गाडी टहाळ किंवा पालापाचोळा नेण्याने अधिक जाते. जर्मनीत शेतकरी शतकानुशतके वनातील पाचोळा गुरांच्या अंथरणासाठी व पुढे खतासाठी ओढून नेत असत, आणि त्यामुळे अनेक ठिकाणची वने निकृष्ट झाली. एर्न्स्ट एबरमायर ह्या बव्हेरियातील शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये ह्या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो वनमृत्तिकेच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. तेव्हा टहाळ व चराई ह्यांविषयी वनाधिकाऱ्यांना वाटणारी भीती सर्वस्वी कारस्थानातून उद्भवलेली होती, असे म्हणता येणार नाही. जोतीरावांच्या लेखनात डोंगर देतो आणि शेत घेते. शेताने डोंगरास काय परत द्यावे, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. ह्या अर्थी त्यांच्या समोर असलेली आकृती पूर्ण वर्तुळाची नसून उताराची आहे. खडकाची झीज, पाऊस, शेंगवर्गीय वनस्पतींनी हवेतून बांधलेला नत्र आणि विश्रांतीचा काळ ह्यांच्या बळावर डोंगर आपली तूट भरून काढतो, पण ती भरून काढण्याचा त्याचा वेग ठरलेला असतो. उपसा त्या वेगाच्या आत राहील तोवरच उतार टिकतो.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. 'असूडा'त शेतकरी म्हणजे कुणबी, माळी आणि धनगर अशी स्पष्ट व्याप्ती दिलेली आहे. वनाकडे पाहण्याची जागा ह्या शेतकऱ्याच्या उंबरठ्यावरची आहे. वनाच्या आत राहणारे भिल्ल, कातकरी, वारली, गोंड ह्यांच्या दृष्टीने तेच वन पाहिले असते तर चित्र बरेच बदलले असते. कारण त्यांच्या लेखी वन हे शेताचे पूरक नव्हते. ते घर होते.

तथापि ह्या आक्षेपांचा निष्कर्ष वनखात्याच्या बाजूने काढणे घाईचे होईल. त्या खात्यापाशीही एक चक्र होते. वृक्षाच्या वाढीचा वार्षिक वेग मोजावा, तितकीच तोड करावी, आणि ठरावीक वर्षांच्या आवर्तनाने पुन्हा त्याच तुकड्यावर यावे, हे शाश्वत उत्पन्नाचे जर्मन तत्त्व होते; त्याचा उगम हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ ह्यांच्या १७१३ च्या ग्रंथापर्यंत नेला जातो. परंतु हे आवर्तन लाकडाचे होते. पान, गवत, शेण आणि गाव हे त्याच्या हिशेबात उत्पन्न म्हणून नव्हे, उपद्रव म्हणून येत. ह्याचा उलट परिणाम काय झाला ते जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञाने हिंदुस्थानातील शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात दाखविले आहे. सरपण मिळत नाही म्हणून शेतकरी गोवऱ्या थापतो आणि शेण चुलीत जाते. शेण चुलीत गेले म्हणजे शेत उपाशी राहते. त्यावर त्यांनी सरपण व वैरण ह्यांसाठी स्वतंत्र वने राखण्याची शिफारस केली. सरकारने बाहेरून बोलाविलेल्या शास्त्रज्ञाने दशकाभरात जे निदान केले, ते त्या सरकारवर आसूड ओढणाऱ्या लेखकाच्या निदानाशी एवढ्यापुरते जुळावे, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. दोघांनाही लाकूड व शेण ही एकाच साखळीची दोन टोके आहेत हे दिसले होते. पुढे अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथे कंपोस्टाची पद्धती सिद्ध केली, आणि १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वनाच्या भूमीलाच शेतीचा आदर्श मानले. पण हॉवर्ड ह्यांचे वन हे निसर्गाचे उदाहरण आहे. जोतीरावांचे वन हे कोणाच्या तरी ताब्यातले वन आहे. हा फरक लहान नव्हे.

५

येथून आजच्या संज्ञेकडे वळता येते. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या प्रचलित मांडणीत दोन चक्रे दाखविण्याची पद्धत आहे. एक मानवनिर्मित वस्तूंचे, दुसरे जैव पदार्थांचे. आणि वनोत्पादन ह्या दोहोंच्या सीमेवर येते. कागदाचे उदाहरण घेऊ. रद्दीपासून पुन्हा कागद होतो, काही फेऱ्यांनंतर तंतू आखूड होऊन निरुपयोगी ठरतो, आणि नव्या तंतूची भर घालावी लागते. लगदा करताना निघणारा काळा द्राव कारखान्यातच जाळून वाफ व वीज मिळवितात आणि त्यातील रसायने परत घेतात. कारखान्याच्या भिंतींच्या आत हे चक्र कौतुकास्पद आहे, ह्यात संशय नाही.

प्रश्न भिंतींच्या बाहेरचा आहे. कर्नाटकातील दांडेली येथील कागद गिरणीस १९५८ मध्ये बांबू टनाला सुमारे दीड रुपया ह्या दराने देण्याचे ठरले होते. त्याच बांबूवर सुपे-टोपल्या विणून जगणाऱ्या बुरुडास तो बाजारभावाने घ्यावा लागे. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० च्या दशकात त्या प्रदेशातील बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी वेष्टन काढून टाकण्याची पद्धत वनखात्याने व गिरणीने अवलंबिली होती. ते वेष्टन गेल्यावर कोवळे कोंब गुरे व वन्यप्राणी खाऊन टाकत, आणि बेट पुन्हा भरत नसे. गावकऱ्यांना हे ठाऊक होते; हिशेबात मात्र गावकऱ्यांची चराईच दोषी ठरत होती. अशा स्थितीत गिरणीने रद्दीचा कितीही पुनर्वापर केला असता, तरी डोंगरावरचे वर्तुळ तुटलेलेच राहिले असते. पदार्थ शहरात फिरतो आणि डोंगर रिकामा होतो, ही स्थिती प्रचलित मापनांत 'चक्रीय' म्हणून नोंदविली जाणे शक्य आहे. ह्या संज्ञेचा हा मूलभूत दोष आहे. ती पदार्थ किती फिरला हे मोजते. तो कोठून निघाला आणि तेथे काय परत गेले, हे मोजण्याची सक्ती ती स्वतःवर करीत नाही.

जोतीरावांच्या वर्गवारीत सांगावयाचे तर ही संज्ञा निर्गमनाच्या टोकास सुधारणा सुचविते, परंतु निर्गमन गृहीत धरते. ते कोणाच्या संमतीने व्हावे, हा प्रश्न तिच्या परिघाबाहेर राहतो. स्वतंत्र भारताच्या धोरणास ह्या प्रश्नाकडे येण्यास बराच वेळ लागला. उद्योगांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची प्रथा बंद व्हावी असे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने म्हटले. २००६ च्या वन हक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाच्या ग्रामसभेस २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार मिळाले. १८७८ च्या कायद्यातील ग्रामवनाची जी तरतूद कागदावर राहिली होती, तिच्यामागील कल्पना अशा रीतीने वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या हक्काच्या भूमिकेतून प्रत्यक्षात उतरू लागली.

येथे आणखी एक भ्रम टाळला पाहिजे. ग्रामसभेच्या हाती अधिकार आला की चक्र आपोआप पूर्ण होते, असे नाही. ग्रामसभेने विकलेला बांबूही डोंगराबाहेरच जातो. परंतु ज्या समूहाला पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे जावयाचे आहे, त्याला उपशाचा वेग ठरविण्याचे कारण असते, आणि ज्ञानही असते. टहाळ व पाचोळा ह्यांविषयी जोतीरावांच्या विवेचनात जी मर्यादा सापडत नाही, ती मर्यादा घालणारी संस्था येथे निदान संभवते. एबरमायर ह्यांचे मृत्तिकाशास्त्र आणि ग्रामसभेचा अधिकार ह्यांची गाठ पडणे, हाच ह्या प्रश्नावरील विधायक मार्ग दिसतो. एकाशिवाय दुसरे आंधळे किंवा पांगळे राहील.

६

निष्कर्ष असा. 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथातील वनविचार शास्त्र म्हणून अपुरा आहे. डोंगराची परतफेड आणि वनवासीयांची दृष्टी ह्या दोन्ही गोष्टींना त्यात पुरेशी जागा नाही. परंतु पदार्थाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर सत्तेचाही एक फेरा असतो, हे त्याने जितक्या स्पष्टपणे पाहिले तितके आजच्या पुष्कळशा लेखनात आढळत नाही. पान कुजते, शेण होते, गाळ होते, धान्य होते, ही साखळी निसर्गाची. तिच्या प्रत्येक कडीवर कोणाचा तरी कर, परवाना, दंड किंवा भाव बसलेला असतो, हे जोतीरावांचे म्हणणे.

आपल्या विभागातील अभ्यासकांनी ह्यापुढे वनाधारित उद्योगांच्या चक्रीयतेविषयीचे अहवाल वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते. जी गळती रोखली असे म्हटले आहे ती कोठली? जे हस्तांतरण झाले त्याचा वेग डोंगराच्या भरपाईच्या वेगापेक्षा कमी आहे काय? आणि जे निर्गमन झाले त्यास कोणाची संमती होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मृत्तिकाशास्त्राकडून व वनशास्त्राकडून मिळतील. तिसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते शोधण्याचे काम सामाजिक शास्त्रांचे आणि साहित्याचे आहे, आणि त्या कामात १८८३ चा हा ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो.